उजवा कौल आणि चाळीतली खोली

लग्न झालं आणि मी राहिले मालवणात, आमचे हे मुंबईत. गिरणीतली नोकरी, आणि राहायला गावकऱ्यांची खोली. तिथे पाळीपाळीने पुरुष झोपायचे, त्यात बायकोला ठेवणार कुठे? मग यांच्याच चाळीत एक खोली रिकामी होणार असं कळलं. पागडी भरली की खोली आपली. घरात रोकड नव्हती, पण सासऱ्यांची समुद्राकडे माडांची बाग होती. ती विकली तर पागडी निघत होती. मी मनातल्या मनात ट्रंक भरूनही टाकली.

पण मामंजी म्हणाले, "देवाक इचारल्याशिवाय एक माड इकूचो नाय."

देवळात कौल लावला. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. पडली डावी. "म्हयनाभरान परत लावया," मामंजी शांतपणे म्हणाले. देवाला घाई नसते हो, घरमालकाला असते! मुंबईहून बोटीने आलेला प्रत्येक गाववाला यांचा एकच निरोप आणायचा: पागडी वाढली. बंदरात बोट लागली म्हटलं की मला धडकी भरायची.

गावच्या जत्रेला हे आले तेव्हा मी चिडून विचारलं, आपल्या बागेचा भाव मामंजींच्या तरुणपणी होता तोच, मग त्या टीचभर खोलीची कसली एवढी मिजास?

"थंय रोज माणसा येतत, खोली तितकीच. हंय बाग घेवक उरलो कोण?" हे म्हणाले. खरंच होतं ते. आमच्या वाडीत तरणे पुरुष सणापुरतेच दिसायचे.

एकदाची उजवी पाकळी पडली. शेजाऱ्याने बाग घेतली, पैसे घेऊन हे बोटीत चढले. इकडे माझा जीव टांगणीला. शिमग्याला हे पैशांसकट परत आले. खोली दुसऱ्याने केव्हाच घेतली होती, आणि आता तेवढ्या पागडीत जिन्याखालची जागासुद्धा मिळत नव्हती. वरातीमागून घोडं!

शेजारी भला माणूस. त्याने बाग घेतल्या भावात परत दिली. आमच्याकडे भाव हलायला काही कारणच नव्हतं. मामंजी खुशीत ओटीवर येऊन बसले.

"बघ गो, देवान राखल्यान. पैशे बुडाक नाय, बाग आसा. नुकसान कायच झाला नाय."

मी चुलीपुढे ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने हे गेले. एकटेच.