स्वयंपाकघराच्या खिडकीतला राउटर

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. घरामागच्या शेडमध्ये ते दातांच्या कवळ्या बनवत. निम्म्या गल्लीचं हसू आपल्या हातचं आहे, असं ते सांगत. स्वतः मात्र क्वचितच हसत.

मुलगी लग्न होऊन गेली आणि घरातलं बोलणं आटत गेलं. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. बायको पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर, हे मागे मेणात आणि साच्यांत. डॉक्टर दातांच्या रंगाचे फोटो मोबाइलवर पाठवत, पण वायफाय शेडपर्यंत पोचत नसे. मग कवळीवाले हात पुसत पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत. फोटो उघडेपर्यंत बायको मान वर न करता विचारायची, "कुणाचे दात?"

"एका मास्तरांचे. खालचे सगळे."

"अगंबाई! खातात काय बिचारे?"

झालं, दिवसाचं बोलणं संपलं.

येरझाऱ्यांचा कंटाळा येऊन त्यांनी घरातली रेंज पुढे पोचवणारा एक स्वस्तातला राउटर आणला आणि थेट शेडमध्ये लावला. काही उपयोग होईना. दुकानदार फोनवर हसला. "काका, तिथे रेंजच नाही, तर तो बिचारा पुढे काय देणार? घरातली रेंज चांगली येते अशा मधल्या जागी ठेवा."

मधली जागा म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी.

"इथे ठेवू का?"

"ठेवा. बरण्या सरकवते."

घरच्या वायफायचा पासवर्ड टाकायचा होता. तिने सांगितला, त्यांनी दोनदा चुकवला. "द्या इकडे," म्हणत तिने मोबाइल घेतला. दोघांची डोकी जवळ आली. तिच्या बोटांना यंत्राच्या तेलाचा वास होता.

"लागला!" ती म्हणाली. हिरव्या दिव्याकडे दोघं उगाच बघत राहिली.

शेडमध्ये आता झकास रेंज. फोटो झटक्यात उघडू लागले, कामं पटापट हातावेगळी होऊ लागली. खिडकीतून हाक मारणारी बायको आता मेसेज पाठवू लागली : 'पान वाढलंय.' आपण तिचा आवाज ऐकून किती दिवस झाले, हे कवळीवाल्यांना एका दुपारी अचानक जाणवलं. हातातली कवळी तशीच ठेवून ते पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

यंत्र थांबलं. "तिकडची रेंज गेली का?"

"नाही, आहे की."

"मग?"

"सहज."

ती पाहत राहिली. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झालं आणि ते मागे फिरले.

शेडमध्ये येऊन बसतात तोच मोबाइल वाजला. 'उकडतंय फार. पंखा लावलाय ना?'

समोर उभे होते तेव्हा हे तिने विचारलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'इथे येऊन बसतेस का जरा?' बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं. मग ती खोडली आणि 'हो' एवढंच पाठवलं.