बाजेवर बसून दिलेलं सर्टिफिकेट

आमच्या बल्लारपुरात एक सुतार मिस्त्री होता, अंगानं हत्ती. हाताखालचा गडी तयार झाला की त्यानं केलेल्या बाजेवर मिस्त्री ठेकेदारासमोर धपकन बसे अन् म्हणे, "हे याचं सर्टिफिकेट!"

माझा पोरगा त्याच्याच हाताखाली शिकला. त्याच्या वेळी बाज मोडली, मिस्त्री भुईवर. पोराची ठेकेदाराकडची नोकरी गेलीच, असं मी धरलं.

मिस्त्री पडल्यापडल्याच बोलला, "ठेकेदारभाऊ, दारं-खिडक्या याले मस्त येतात. बाज मात्र सांगू नका."

ठेकेदार म्हणाला, "काय येत नाई, हे आजवर कोणी सांगतलं नोहतं. उद्यापासून पाठवा."

बाजेचा मोडका पाय घरी आणून सारं सांगतलं तं बायको पोट धरून हसली. यंदा ती गेली. तो पाय चुलीत घालाले माझा हात होत नाई.