सबनीसकाकांचे त्रिकोण

सबनीसकाकूंचा फोन आला तेव्हा मी हॅमिल्टनबाहेर एका साइटवर होतो. "मंदार, काका सकाळी गेले रे," एवढंच त्या म्हणाल्या. आता त्यांना काही सांगायचं राहिलं ते राहिलंच, हा माझा पहिला विचार. आणि त्यामागोमाग, लिहायलाही लाज वाटते, थोडं सुटल्यासारखं वाटलं...

सबनीसकाका पुण्यात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर मुलाकडे इथे न्यूझीलंडला आले. पदवी नव्हती, पण जुन्या तुर्की इमारतींची भूमिती तोंडपाठ. आयुष्यात एकदाच बुर्साला गेले आणि आठ दिवस मशिदींच्या घुमटांखाली मापं घेत बसले. टेपचं दुसरं टोक काकूंच्या हातात. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायचा, तर कोपऱ्यांचं काय करायचं? तिथल्या कारागिरांनी मधे त्रिकोणांचा दुमडलेला पट्टा कसा बांधला, ते काका कागदाला घड्या घालून दाखवत. दगड लोखंडी पकडींनी जोडून भोवती वितळलेलं शिसं ओतायचं, म्हणजे लोखंड गंजत नाही, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. मी शिकलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर, पण दर शनिवारी सकाळी त्यांच्यासमोर विद्यार्थी असायचो.

गेल्या वर्षी इंजिनीअरांच्या एका सभेत मला या घुमटांवर बोलायला बोलावलं. काकांनी आपणहून बुर्साच्या मापांची वही दिली. तिच्यातल्या आकृत्या मी कॉम्प्युटरवर नव्याने काढल्या. शेवटी त्यांचं नाव घ्यायचं, असं खरंच ठरवलं होतं. पण भाषण संपताच पुढच्या रांगेतून माझ्या बॉसने विचारलं, "स्वीट ॲज, एकदम झकास! हे सगळं तू स्वतः शोधलंस?" माझ्या बढतीची बोलणी चालू होती. मी म्हणालो, "येस."

काका तिसऱ्या रांगेत होते. मीच त्यांना गाडीतून आणलं होतं. परत सोडताना ते एवढंच बोलले, "छान मांडलंस. एका कोपऱ्यातला त्रिकोण उलटा पडलाय, तेवढा बघ."

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायचं टाळू लागलो. त्यांचा फोन आला की म्हणायचो, "हीप्स ऑफ काम आहे, काका."

तेराव्यानंतर काकूंना सगळं सांगितलं. सभेच्या आयोजकांना कळवून त्या भाषणाला काकांचं नाव लावून घेतलंय, हेही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. ते असताना का नाही रे कळवलंस?"

त्या मला काकांच्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर मी कधी न पाहिलेल्या एका घुमटाचं पेन्सिलने काढलेलं चित्र होतं. खालच्या चौकटीत काकांचं रेखीव अक्षर. 'रेखाटन' या शब्दापुढे त्यांची सही. त्याखाली 'तपासणी', पुढे माझं नाव आणि सहीसाठी सोडलेली जागा.

"तू येशील म्हणून ठेवलं होतं," काकू म्हणाल्या.

मी पेन्सिल उचलली... आणि परत ठेवली. तो कागद अजून तसाच त्या टेबलावर आहे.