सदर दोघी एकच असल्याबाबत

चंदनबाला मगदूम हिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मुलगा पाहिलेला नव्हता. पण मुलगा अमेरिकेत होता, त्यामुळं पाहायची गरज कुणालाच वाटली नाही. स्वभाव कसा, दात पुढं आहेत का, हे सांगली-कोल्हापूरच्या मुलांच्या बाबतीत विचारायचं असतं. बाहुबली चौगुले विश्रामबागच्या कॉलेजातनं इंजिनियर झालेला, डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात नोकरीला, एवढं कानावर आलं आणि तिच्या वडिलांनी, म्हैसाळच्या भूपाल मगदूमांनी, पुढचं सगळं गृहीत धरलं.

१९७४च्या मे महिन्यात बाहुबली रजा काढून आला, मुलगी बघितली, लग्न केलं. त्याच्या आधी त्याचं एक पत्र येऊन गेलं होतं. त्यात लिहिलं होतं की बायकोचं नाव लहान असावं, इथल्या लोकांना म्हणता आलं पाहिजे. मला इथं सगळे बॉब म्हणतात. त्याच्या आईनं, राजमतीबाईंनी, हे पत्र शेजारच्या साळूबाईला वाचून दाखवलं. साळूबाई साताऱ्याकडची, नवरा पलटणीत सुभेदार. तिनं शांतपणे विचारलं, "बॉम? आन त्यो कशापायी? पोरगं तर गरीब वाटतंय की."

वरात सांगलीला घरी आल्यावर ताटात तांदूळ पसरले. बाहुबलीनं अंगठीनं त्यात 'लीना' लिहिलं. दोनच अक्षरं, लगेच झालं. चंदनबालाला ते नीट वाचायच्या आत ताट उचललंसुद्धा. आजीनं हौसेनं ठेवलेलं पोथीतल्या सतीचं नाव, बी. ए.च्या प्रमाणपत्रावर सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलेलं, ते असं मिनिटभरात निकालात निघालं. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, "गोड आहे की." चंदनबालाही हसली. नव्या नवरीनं दुसरं काय करायचं असतं?

परत जाण्याआधी लग्नाची सरकारी नोंद करायची होती, कारण बायकोला तिकडं बोलवायला तो कागद लागणार होता. बाहुबली अमेरिकेला न्यायचं भडंग आणायला गावात गेला होता. तो सांगून गेला होता, सही करायला मी येतो, तोवर नावं लिहून ठेवा. म्हणून कचेरीत पुढं गेल्या त्या राजमतीबाई. बरोबर सासरे, धरणेंद्र चौगुले, आणि मागं डोक्यावर पदर घेतलेली सून.

"वधूचं लग्नाआधीचं नाव?" कारकुनानं विचारलं.

"लीना," राजमतीबाई म्हणाल्या.

सासरे खाकरले. "आधीचं विचारतोय तो."

"आधीचं संपलं की आता! नाव पालटलं, मग जुनं कशाला उकरून काढायचं? लिहा हो तुम्ही. लीना भूपाल मगदूम."

कारकुनानं लिहिलं. सून मागं उभी होती. बाहुबली आला, त्यानं झरझर सही केली, तिला दाखवलं तिथं तिनंही 'लीना' अशी केली. आयुष्यात पहिल्यांदाच केल्यामुळं ती जरा तिरकी झाली. अशा रीतीनं म्हैसाळात कधी जन्माला न आलेल्या एका बाईचं लग्न शिक्क्यासह पार पडलं आणि नवरदेव अमेरिकेला गेला.

मग सुरू झालं वाट बघणं. बाहुबलीला तिकडं कायम राहायचं कार्ड मिळालेलं होतं. त्या कार्डावर बायकोला बोलावता येतं, पण रांगेनं. सांगलीला रांग ठाऊक होती ती रॉकेलची. त्यामुळं भेटेल तो विचारायचा, "अजून हितंच?" अमेरिकेची सून असल्यामुळं तिला घरात मान होता. म्हणजे चटणी तिनंच कांडायची, पापड तिनंच लाटायचे, पण लोकांना ओळख करून देताना 'आमची अमेरिकेची सून' म्हणायचं. तिकडं थंडी फार, तेव्हा शरीराला सवय हवी म्हणून राजमतीबाई तिला पहाटे गार पाण्यानं आंघोळ करायला लावत. स्वतः मात्र बंब पेटवून घेत, कारण त्यांना कुठं जायचं नव्हतं.

मधल्या काळात पासपोर्ट आला. तो शाळेच्या दाखल्यावरनं काढलेला, पुढं फक्त नवऱ्याचं नाव जोडून, म्हणून त्यावर नाव होतं चंदनबाला बाहुबली चौगुले. पासपोर्ट कपाटात गेला. लग्नाचा कागद त्याच कपाटात होता, पण खालच्या कप्प्यात. दोघांची गाठ पडायचं कारण नव्हतं.

ती पडली मुंबईला, अमेरिकन वकिलातीत, साहेबाच्या टेबलावर. साहेब तरुण, अदबशीर. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "मिस्टर चौगुल्यांनी लीना नावाच्या बाईंना बोलावलंय. त्या आल्यात का?"

"मीच ती."

"मग चंदनबाला कोण?"

"तीही मीच."

साहेबानं काहीतरी लिहून घेतलं. मग आवाज मऊ करून विचारलं, की मिस्टर चौगुल्यांचं आधी एखादं लग्न झालं होतं का? लीना आपली बहीण वगैरे आहे का? चंदनबालानं बी. ए.चं सगळं इंग्रजी पणाला लावलं. आमच्याकडं लग्नात नवरा नवं नाव ठेवतो, ते ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितो, असं तिनं समजावलं. साहेबानं लक्ष देऊन ऐकलं.

"ते तांदूळ आता कुठं आहेत?"

"त्याची खीर केली," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

साहेबानं कागद परत दिले. दोन्ही बायका एकच असल्याचा पुरावा आणा, मग पाहू.

सांगलीत बातमी तिच्या आधी पोचली, आणि पोचता पोचता तिला जरा वळण लागलं. बाहुबलीनं तिकडं लीना नावाची मडमीण ठेवलीय, म्हणून हिला परत पाठवली. तिसऱ्या दिवशी भूपाल मगदूम तांबारलेल्या डोळ्यांनी दारात उभे.

"कोण ही लीना? आज सोक्षमोक्ष लावूनच जाणार!"

"अप्पा," चंदनबाला पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाली, "लीना मी."

मगदूमांनी तांब्या घेतला आणि पाणी न पिता डोळ्यांवर मारलं.

राजमतीबाईंचं मत ठाम होतं. "तुझंच चुकलं. साहेबानं विचारल्यावर एकच नाव सांगायचं होतंस. दोन दोन सांगितल्यावर कुणाला संशय येणार न्हाई?"

बाहुबलीचं निळं पत्र आलं. 'प्रिय लीना, वकिलाला भेटलो. तुझं आधीचं नाव पूर्ण, इंग्रजी स्पेलिंगसकट, ताबडतोब कळव. चंद असं काहीतरी होतं एवढं आठवतं.' चंदनबालानं ते दोनदा वाचलं. लग्नानंतर नवरा तिच्याजवळ राहिला होता तो दोन आठवडे. तेवढ्यात 'चंद' आठवतं म्हणजे माणूस हुशारच म्हणायचा.

गावातले वकील दादासो यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, सरकारी गॅझेटात जाहीर करून सुनेनं कायमचं लीना व्हायचं आणि नवा पासपोर्ट काढायचा. दुसरी, ज्यांनी लग्नाच्या नोंदीत नाव सांगितलं त्यांनी शपथेवर लिहून द्यायचं की आमची चूक झाली, मुलीचं नाव चंदनबाला, लीना आणि चंदनबाला एकच.

"म्हणजे मी?" राजमतीबाईंनी विचारलं. "कचेरीत जाऊन, देवाची शपथ घेऊन, चुकले म्हणू? सुनेसाठी? मग ती गॅझेटाची वाट काय वाईट आहे?"

"त्या वाटेनं मी जात नाही, आत्ती," चंदनबाला म्हणाली. सासूला ती आत्तीच म्हणायची, पण इतकं स्पष्ट कधी बोलली नव्हती. "शाळेत चंदनबाला गेली, बी. ए. चंदनबाला झाली. तिथं जाऊन मला नोकरी करायची आहे. लीनाला कोण नोकरी देणार? ती चौथीही पास नाही."

"अमेरिकेला जायचंय का न्हाई तुला?"

"जायचंय. म्हणूनच. मी जायचंय, लीनाला पाठवायचं नाही."

साळूबाई कुंपणापलीकडं भांडी घासत होती. तिनं हात थांबवले नाहीत, तोंडही नाही. "आवं वैनी, दिऊन टाका की लिवून. आमच्या ह्यांच्या पलटणीच्या कागदात मी साळूबाई, रेशनवर सुनंदा. ह्ये उद्या गेले तर पेन्शन कुणाला, ह्याचीच मला रातंदीस काळजी लागून ऱ्हायलीया. त्येंच्या मरणापरास त्येचाच घोर लय!"

"तुला विचारलं कुणी?"

"न्हाई इचारलं. म्हून तर सांगतीया."

राजमतीबाई हटल्या नाहीत. चंदनबाला भांडली नाही, माहेरी गेली नाही, उपासही धरला नाही. तिनं फक्त एक केलं. 'लीना' म्हटल्यावर ओ द्यायचं बंद केलं.

"लीना, चहा टाक गं."

स्वयंपाकघरात चंदनबाला तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"लीना! ऐकू येत न्हाई का?"

"लीनाचा व्हिसा आलेला नाही, आत्ती," ती आतूनच म्हणाली. "ती अजून पोचली नाही घरात."

सासरे पेपरमागं हसले. पेपर हलल्यामुळं ते कळलं. राजमतीबाईंनी स्वतः चहा टाकला, साखर दुप्पट पडली. असं बरंच चाललं. लीनाला हाका जात राहिल्या आणि चहा, धुणं, शेगडी सगळं राजमतीबाईंच्या अंगावर पडत राहिलं. चंदनबाला आपली कामं चोख करायची, तक्रारीला जागा नाही. फक्त लीनाची कामं लीनासाठी ठेवून द्यायची.

शेवटी दादासो वकिलांनीच राजमतीबाईंना समजावलं. गॅझेट केलं तर नवा पासपोर्ट, नव्या पासपोर्टावर तिकडून पुन्हा नवा अर्ज, पुन्हा रांगेच्या शेवटी. शिवाय सून तिथं स्थिरावल्यावरच पुढं आई-बापाला बोलवायचं निघणार. हे कानावर पडल्यावर राजमतीबाईंना न्यायाची बाजू दिसली. त्यांनी इरकली पातळ नेसलं आणि त्या कचेरीत निघाल्या.

आणीबाणीचे दिवस, म्हणून कारकून जागेवर होता. त्याला स्वतःलाही त्याचं नवल वाटत असावं. त्यानं कागद पुढं ओढला.

"मावशी, तुमचं नाव?"

"राजमती धरणेंद्र चौगुले."

"हे सासरचं. लग्नाआधीचं?"

राजमतीबाई वळून मागच्या रांगेकडं बघू लागल्या.

"आधीचं नाव, मावशी."

"ते कशाला लागतंय? लीनाचं काम आहे ना हे?"

"तुम्ही शपथ घेणार, मग तुम्ही कोण ते नको? लिहावं लागतंय."

राजमतीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा छताच्या पंख्याकडं बघत होता. त्यांनी पदर सारखा केला आणि कुणी दुसऱ्याचंच सांगावं तसं सांगितलं, "बनुबाई."

चंदनबालानं मान वर केली. इतकी वर्षं ज्या घरात राहतोय तिथं बनुबाई नावाची बाई राहते, हे तिला ठाऊक नव्हतं.

कारकुनाची लेखणी थांबली. "बनुबाई आणि राजमती एकच, याला काय आधार?"

"आधार कसला? मी सांगते की!"

"तुम्ही कशा सांगणार? तुम्हाला ओळखणारं कुणीतरी लागंल. माहेरचं."

माहेरचं कोण राहिलं होतं? आईवडील जाऊन जमाना झाला. भाऊ होता, तोही गेला. बरोबरीच्या मुली कुठल्या कुठल्या गावी जाऊन शांताबाई, पद्मावती, अनसूया झालेल्या. बनुबाईला ओळखत होतं असं कुणीच राजमतीबाईंना आठवेना. सुनेला त्यांच्याकडं बघवेना, आणि तिला स्वतःचाच राग आला. इतके दिवस ज्या बाईला चहा न देता तिनं नमवलं होतं तिची आता तिला कीव करायची नव्हती.

"मी देतो लिहून," पंख्याकडं बघणारे सासरे म्हणाले.

"तुम्ही ओळखत होता यांना? लग्नाआधी?"

"लग्नाआधी नाही. पण ताटात राजमती मीच लिहिलं होतं."

"तुमी कुठं लिवलंत?" राजमतीबाई उसळल्या. रागाच्या भरात माहेरची बोली वर आली. "तुमच्या आईनं हात धरून लिवून घेतलं. 'ती' ऱ्हस्व काढला हुता!"

कारकून हसला. मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले. राजमतीबाईंचा चेहरा लाल झाला, पण बनुबाई आणि राजमती कागदावर एक झाल्या. मग लीना आणि चंदनबाला झाल्या. राजमतीबाईंनी सही करताना आधी 'ब' काढला, मग तो गिरवून 'रा' केला. कारकुनानं तिथं आणखी एक सही घेतली.

घरी आल्यावर नवाच पेच पडला. सुनेला चंदनबाला म्हणायचं म्हणजे हार, आणि लीना म्हटलं तर चहा नाही. राजमतीबाईंनी यातनं वाट काढली. त्या तिला 'अगं ए' म्हणायला लागल्या. हे नाव सगळ्याच सुनांचं असतं आणि त्याला प्रतिज्ञापत्र लागत नाही.

७७ साली मुंबईचं बोलावणं आलं. या वेळी साहेब दुसरा, वयस्क, डोक्याला टक्कल. त्यानं पासपोर्ट पाहिला, दुरुस्त केलेला लग्नाचा कागद पाहिला, दोन्ही प्रतिज्ञापत्रं वाचली. दुसरं वाचताना त्याच्या भुवया वर गेल्या, पण त्यानं विचारलं काही नाही. शिक्का मारला.

"सुंदर नाव आहे," तो म्हणाला. "पण फार लांब. तिकडं लोकांना जमायचं नाही. एखादं छोटं घेऊन टाका."

"लांब आहे," चंदनबाला म्हणाली, "पण एकच आहे."

साहेबाला तो विनोद वाटला. तो मोकळेपणी हसला आणि कागदांचं मोहोरबंद पाकीट त्यानं खिडकीतून पुढं सरकवलं. चंदनबाला तिथून हलली नाही. पाकिटावर टंकलेल्या नावावर बोट ठेवून ती एकेक अक्षर वाचू लागली. मागं उभ्या असलेल्या कुणीतरी "चला ना बाई लवकर" म्हटलं. त्यानं ती मधेच चुकली, म्हणून तिनं पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली.