खालच्या आजींची इंग्रज पाहुणी

त्या वर्षी मला पाहुण्यांचा कंटाळा आला होता. मराठी बाईने हे असं उघड लिहू नये, हे मला कळतं. पण आला होता, आणि तो साधासुधा नव्हता, अगदी हाडात मुरलेला होता.

जर्मनीत, ब्योब्लिंगेनजवळच्या एका लहान गावात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. नवरा गेर्लिंगेनला नोकरीला जायचा. मी गावातल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या शाळेत, इंग्रजी शिकवायची. दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईहून इंजिनिअर आणि पीएचडीवाली मुलं भराभर यायला लागली, आणि त्यातल्या निम्म्यांना कुणीतरी आमचा पत्ता दिलेला असायचा. नवऱ्याच्या आतेभावाचा मित्र, माझ्या मैत्रिणीची नणंद, सासूबाईंच्या भिशीतल्या कुणाचा तरी जावई. "खोली मिळेपर्यंतच हो, वहिनी." पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण ज्याने केली त्याला जर्मनीत भाड्याची खोली शोधावी लागली नसणार. लेक आपली खोली सोडून आमच्या खोलीत गादीवर झोपायची. कुणीतरी येतंय म्हणून मी मराठीत सांगितलं की ती जर्मनमध्ये विचारायची, "शोन वीडर?" म्हणजे, परत? नवरा म्हणायचा, "अगं, आपणही असेच आलो होतो ना." हे तो सोफ्यावर बसून म्हणायचा.

त्यात भर म्हणून इंग्रज.

आमच्या गावाचं इंग्लंडमधल्या एका डिस्ट्रिक्टशी जोडगावाचं नातं होतं. एक वर्ष तिकडची माणसं बसने इकडे येत, पुढच्या वर्षी इकडची तिकडे जात. सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा का गं?" मी म्हटलं, "नाही हो आई, फार तर तालुका." पण तो तालुकाही सरळ नव्हता. सत्तरच्या दशकात सरकारने किनाऱ्यावरची दोन गावं, आतलं एक बाजाराचं गाव आणि मधली खेडी एकत्र बांधून तो तयार केला होता आणि त्याला एक नवंच नाव दिलं होतं. ते नाव तिथे राहणारं कुणी घ्यायचं नाही. कचऱ्याच्या गाडीवर लिहिलेलं असतं तेवढंच, असं ते म्हणत. बसमधून उतरल्यावर तुम्ही कुठले म्हणून विचारलं तर प्रत्येक जण आपलं जुनं गाव सांगायचा आणि शेजारच्या गावाबद्दल एखादं वाकडं वाक्य जोडायचा. मासेवाल्या गावाची माणसं बाजारवाल्यांना कंजूष म्हणायची, बाजारवाले त्यांना आळशी म्हणायचे.

आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना हे फार आवडायचं. कारण त्याच सुमाराला त्यांचीही चार खेडी सरकारने एकत्र केली होती आणि तो राग अजून गेला नव्हता. समारंभात मेयर मैत्री, शांतता, युरोप वगैरे बोलत. नंतर बिअर आल्यावर दोन्हीकडची माणसं आपापलं खेडं कसं गेलं यावर बोलायला लागत, आणि मी मध्ये उभी राहून भाषांतर करत असे. माझं स्वतःचं गाव पुणे महापालिकेने गिळलेलं. घरोघरी मातीच्या चुली, याचं जर्मन मला कधी नीट करता आलं नाही.

या पाहुण्यांबाबत एक अट होती. त्यांना हॉटेलात उतरवायचं नाही. प्रत्येकाचं एक घर ठरलेलं. ज्याला घर नाही, त्याला बसमध्ये जागा नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. आम्ही त्यांना आपसात खालच्या आजी म्हणायचो. त्यांच्याकडे वीसेक वर्षं एकच इंग्रज बाई उतरत होत्या. आजींना इंग्रजी येत नव्हतं, बाईंना जर्मन येत नव्हतं. मला वाटायचं, या चार दिवस करतात तरी काय? एकदा मी डबा परत द्यायला खाली गेले तर दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून श्पार्गेल सोलत होत्या. ही पांढरी शतावरी मे महिन्यात इथे घरोघरी शिजते. एकीने सोलायचं, दुसरीने बघायचं, साल जाड निघाली की "नाइन", म्हणजे नाही, म्हणायचं. मधूनच दोघी हसायच्या. मला कुणी भाषांतराला बोलावलं नाही.

मग आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते बिघडलं. त्यांची काळजी घ्यायला पोलंडहून एक बाई राहायला आली, ती पाहुण्यांच्या खोलीत. म्हणजे आता आजींकडे खोली नव्हती, आणि इतक्या लांबच्या प्रवासाला जायला पायही नव्हते. इंग्रज बाईंना दुसरं घर मिळालं नाही, तर या दोघींची भेट कायमची संपणार होती.

जोडगावाच्या कमिटीचे अध्यक्ष, एक निवृत्त शिक्षक, आमच्याकडे कॉफीला आले. "आल्झो," ते म्हणाले, "तुम्ही तर वरच राहता. इंग्रजी येतं. आणि भारतात पाहुणा देव असतो ना?" त्या देवाला मी कितीदा जेवायला वाढलंय आणि त्याच्या चादरी कितीदा धुतल्यात, ते त्यांना सांगावंसं वाटलं. पण भीड भिकेची बहीण. मी म्हटलं, "या वेळेपुरतं करते. पुढचं नंतर बघू." त्यांनी त्यातलं फक्त "करते" ऐकलं आणि आनंदाने माझा हात दाबला.

ते गेल्यावर मी नवऱ्यावर चिडले. तो म्हणाला, "मग नाही म्हणायचं होतंस." मी कपाटातून धुतलेल्या चादरी काढायला गेले.

फिंगस्टन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत बस आली. बाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, खांद्यात जरा वाकलेल्या. एक बॅग, ती स्वतःच वर घेऊन आल्या. मी लेकीच्या खोलीत त्यांची सोय केली होती. त्या सकाळी उठल्या की अंथरूण असं काही करून ठेवायच्या की कुणी झोपलंच नव्हतं असं वाटावं. नाश्ता करून लगेच खाली जायच्या, आणि दिवसभर आजींकडे. मला खरं तर काही त्रास नव्हता. पण त्रास नसलेला पाहुणाही घरात असतो. बाथरूमला जाताना विचार करावा लागतो, नवऱ्यावर ओरडायचं असेल तर थांबावं लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेगेन्सबर्गहून फोन आला. सासूबाईंच्या ओळखीतला कुणी विद्यार्थी तिथलं शिक्षण संपवून आमच्या भागात नोकरीला येत होता. रविवारी येऊ का, वहिनी? मी "ये ना, अरे, विचारतोस काय" म्हटलं. तेही अगदी गोड आवाजात. फोन ठेवला आणि सिंकपाशी जाऊन नुसती उभी राहिले. नळ चालू होता. तो का चालू केला होता, ते आठवेना.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी विचारलं, "किती जण?"

"एकच."

"किती दिवस?"

"खोली मिळेपर्यंत."

त्या हसल्या, आत आल्या आणि त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, "हे उत्तर मी तीस वर्षं ऐकलंय."

मग मला कळलं की समुद्राकाठच्या त्या गावात त्यांचं पाहुण्यांना खोल्या देण्याचं घर होतं. उन्हाळ्यात सहलीला आलेली कुटुंबं यायची. हिवाळ्यात खोल्या रिकाम्या, तेव्हा डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातून फोन यायचा. कुणाला घरमालकाने बाहेर काढलेलं, कुणी नवऱ्याला सोडून मुलं घेऊन निघालेली. अशांना छप्पर द्यायचं काम डिस्ट्रिक्टचं, आणि डिस्ट्रिक्ट ते काम बाईंच्या घरात करायचं. घर मिळेपर्यंत. कुणाला मार्चपर्यंत मिळायचं नाही. मार्चनंतर उन्हाळ्याचे लोक यायचे, म्हणून बाई त्या बायांना मागच्या आपल्या खोलीत घ्यायच्या आणि स्वतः जेवणघरातल्या कोचावर झोपायच्या.

"चादरींनी कुणी दमत नाही," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकानेही नाही. दमवतं ते चेहरा हसरा ठेवणं. तू आत्ता फोनवर ठेवला होतास, तो."

मी काहीतरी म्हणायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं.

"तुमच्या अध्यक्षांनी मला सांगितलंय, यापुढे दर वेळी मी तुझ्याकडे. मी येणार नाही. तुझा राग नाही आला मला. तू दमली आहेस, आणि मी दमलेल्या बाईच्या घरात राहत नाही. मी खूप दमलेले असताना माझ्याकडे लोक राहिलेत."

मला रडू आलं. आणि रडू आल्याचा रागही आला. इतक्या वर्षांत नवऱ्याने नाही, सासूबाईंनी नाही, माझ्या स्वतःच्या आईनेही फोनवर कधी म्हटलं नव्हतं, की तू दमली आहेस. ते म्हणायला एक परकी बाई यावी लागली, आणि हे म्हणताना ती स्वतःची बसमधली जागा सोडत होती. तिच्या गावात तिचं आता कोण उरलं होतं, ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखंही वाटलं. एक तरी पाहुणा कमी झाला.

दुसऱ्या दिवशी बस निघायची होती. पोलिश बाईने आजींना चाकाच्या खुर्चीतून फाटकापर्यंत आणलं. इंग्रज माणसं बॅगा चढवत होती आणि मागच्या सीटवरून आपसात भांडत होती, मासेवाले एकीकडे, बाजारवाले एकीकडे. अध्यक्ष सगळ्यांशी हस्तांदोलन करत होते.

बाई खुर्चीपाशी वाकल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघींना भाषांतर लागणार होतं; त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"तिला नीट सांग," त्या मला म्हणाल्या. "सांग, की ही शेवटची वेळ. माझी तब्येत बरी नसते असं सांग. तुझं नाव घेऊ नकोस."

आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा एक हात बाईंच्या बाहीवर होता. त्यांना काहीतरी कळलं होतं, कारण त्यांचा चेहरा आधीच उतरला होता. वाक्य मी मनात जर्मनमध्ये लावलं. सोपं वाक्य होतं. भाषांतराची काहीच अडचण नव्हती.

मी म्हटलं, "त्या विचारतायत, पुढच्या वेळी त्या आमच्याकडे वर राहिल्या तर तुम्हाला चालेल का?"

आजींनी दोन्ही हात वर केले. "या! या, नाट्युरलिख!" म्हणजे, हो हो, अर्थातच. आणि त्या भराभर बोलायला लागल्या, की श्पार्गेल लवकर संपतो, तेव्हा बस आठवडाभर आधी आणा, आणि हे कमिटीच्या डोक्यात कुणीतरी घाला.

शेवटच्या वेळेची बातमी ऐकून कुणी असं हसत नाही, एवढं कळायला जर्मन लागत नव्हतं. बाई सरळ उभ्या राहिल्या. "तू ते सांगितलं नाहीस."

"नाही."

"मी तुला काय म्हटलं होतं काल?"

"दमलेय म्हणून. दमलेलीच आहे."

"मग?"

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. अध्यक्ष घड्याळ दाखवत आले. नीट उत्तर द्यायला वेळ नव्हता, आणि असता तरी मला ते तेव्हा देता आलं नसतं. आता देता येतं. आमच्या त्या घरात किती माणसं राहून गेली याचा हिशेब मी ठेवला नाही, पण त्यातलं प्रत्येक माणूस कुणी ना कुणी पाठवलेलं होतं. मी स्वतः बोलावलेली ही एकच.

"या," मी म्हटलं. "मी बोलावतेय."