तटावरची पाटी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी भोरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. "भावजी, ह्ये गेलं..." एवढंच म्हणाल्या. जुडी हातात तशीच राहिली.

वहिनींचे यजमान नामदेवअण्णा माझे वेल्ह्याकडचे मित्र. त्यांच्या शेताच्या कडेला जुन्या गढीचा तट आहे. दगड नाही, चुना नाही. नुसती चोपलेली माती, वर गवत आणि करवंदीच्या जाळ्या. सकाळच्या धुक्यात तोरणा दिसेनासा व्हायचा आणि हा तट तेवढा तरंगत राहायचा. आपण कुठल्या काळात उभे आहोत, तेच कळेनासं व्हायचं...

ऐन विशीत अण्णांनी भाताचं खाचर वाढवायला हा तट दहाबारा हात कापला. त्याच पावसाळ्यात ओढा त्या खिंडारातून शिरला आणि पलीकडच्या म्हाताऱ्या चुलत्याचं सगळं भात घेऊन गेला. चुलते रागावले नाहीत. "तट काय निस्ता शत्रूलाच अडवतोय व्हय रं?" एवढंच बोलले. ते अण्णांना जन्मभर पुरलं. तेव्हापासून रोज घरी परतताना एक पाटी माती खिंडारात टाकायची आणि अनवाणी पायांनी तुडवायची. पाऊस दरसाल त्यातली निम्मी धुऊन न्यायचा. मी चिडायचो, "अण्णा, जेसीबी बोलवा, तासाभरात उरकेल." ते हसायचे. "मशीनची माती बसत न्हाई. तुडवल्याबिगर माती धरत न्हाई गड्या." मग मीही चपला काढायचो. कलतं ऊन, पायाखाली गार माती, बोलणं फारसं नाहीच... इतक्या सुखात मी दुसरीकडे कुठेच नव्हतो.

शेवटच्या भेटीत म्हणाले होते, "आता वीतभर ऱ्हायलंय. मी मधीच गेलो तर माझी राख तितंच घाला."

तिसऱ्या दिवशी वहिनींनी त्याच पाटीत मातीत राख कालवून आणली, खिंडारात ओतली. आणि सगळे थबकले. तुडवायचं कुणी? अण्णांच्या राखेवर पाय कोण ठेवणार? वहिनींनी वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. "तुमीच म्हनायचा न्हवं, तुडवल्याबिगर धरत न्हाई," म्हणाल्या आणि पाऊल टाकलं. मी चपला काढल्या. रडू आवरलं नाही.

परवा गेलो होतो. भर पावसात ओढा तटापर्यंत चढला, जरा घुटमळला आणि वळून गेला. आत खाचरं शांत होती. गोठ्यातल्या खुंटीला पाटी टांगलेली होती. मी सहज हात लावला, तर आत ओली माती चिकटलेली.

"दरसाल धुपतंयच की," वहिनी म्हणाल्या.