समाजशास्त्राला मशीन लागत नाही

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या समाजशास्त्र विभागात माणसं तिघंच: विभागप्रमुख बिराजदार सर, संशोधन करणारी पद्मा आणि मी. कपाटही एकच. पण किस्से मात्र चहाबरोबर रोज एक संपवला तरी दोन नवे येतातच!

*

'समाज' या शब्दानं आमचा फार घात केलाय. मागं माळशिरसचे एक काका दारावरची पाटी वाचून आत आले.

"कुटल्या समाजाचं हाय हे?"

"सगळ्याच," सर म्हणाले.

काकांनी पिशवीतून बायोडाटा काढला. "मग घ्या. पोरगी बी.ए. झालीया, वळणाची हाय."

लग्न अजून जमलेलं नाही. पण पोरगी यंदा आमच्याकडंच एम.ए. करतेय!

*

कुठला देश सामाजिक संशोधनावर किती खर्च करतो, याचा सरांनी मोठा आलेख केला आणि सात रस्ता चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडं छापायला दिला. बाकीच्या देशांच्या पट्ट्या लांबच लांब, तळाला आपण. फ्लेक्स आला तर आपण गायब! सर तडक दुकानात.

"तळाला बारका डाग हुता सर, म्या काढला."

"अहो, पुढं नाव होतं ना!"

"नावापुढं कायच दिसंना, म्हनून नावबी काढलं. त्याचं जादा न्हाय लावलं!"

*

एकदा युरोपातल्या एका प्राध्यापकबाईंनी ऑनलाइन मीटिंगमध्ये आमचं वर्षाचं बजेट विचारलं. सरांनी खरं ते सांगितलं. बाई गप्पच. सरांना वाटलं, रेंज गेली.

"हॅलो मॅडम, आवाज येतोय का?"

"येतोय की," बाई इंग्रजीत म्हणाल्या, "पुढचे शून्य ऐकायला थांबलेय!"

*

हसतो आम्ही, पण गेल्या वर्षी खरंच घाबरलो होतो. पद्मा बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांना भेटून मुलाखती घेते. तिचा निधी चालू ठेवायचा की थांबवायचा, हे ठरवायला पुण्याहून समितीचे अध्यक्ष आले. माणूस विज्ञानाचा.

"मशीन नाही, लॅब नाही. गप्पा मारायला निधी कशाला?"

पद्माचा चेहरा उतरला. पण पोरगी धीराची. त्यांना भवानी पेठेत एका म्हाताऱ्या कामगाराच्या घरी घेऊन गेली आणि प्रश्नांचा कागद अध्यक्षांच्याच हातात दिला. "सर, ही एक मुलाखत तुम्हीच घ्या."

अध्यक्ष घड्याळ बघत खुर्चीच्या टोकाला बसले आणि वाचू लागले. "गिरणी बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंत?"

"डबा घिऊन निघालो की," आजोबा म्हणाले.

"कुठं?" हा प्रश्न कागदावर नव्हता.

"गेटवर. कुलूप हुतं. तितंच बसून डबा खाल्ला. सांजच्याला घरी आलो, बायकोला म्हनलं, आज काम लई हुतं."

दारात ड्रायव्हर आला. "सायेब, पुण्याची रेल्वे चुकंल."

अध्यक्षांनी त्याच्याकडं न बघताच हात हलवला. खुर्चीवरून उठून आजोबांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घातली.

"मग?"